रोज एक वाफा घास



मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत कर्जफेडीचा विषय निघाला. गायीसाठी कर्ज घेतलेल्या काही तायांचे हप्ते मागेपुढे होत होते. कारण विचारलं तर सगळ्या गप्प. शेवटी एक ताई बोलली, "मॅडम, गाय दूध देती, दूध डेअरीत जातं, डेअरीचा पगार पेंडवाल्याकडं जातो. माझ्या हातात फक्त शेण राहतं."

सगळ्या हसल्या. पण हसून झाल्यावर एकीनंही "असं नाही" म्हटलं नाही. म्हणून या अंकात मी गायीच्या गव्हाणीबद्दल लिहायचं ठरवलं. आपण चारा म्हणून काय टाकतो, त्यात काय कमी पडतं, आणि ते १० गुंठ्यांत कसं भरून काढता येतं, एवढाच विषय आहे. मी समाजकार्य शिकलेली, शेती शिकलेली नाही. जे लिहितेय ते प्रशिक्षणात ऐकलेलं, पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारलेलं आणि तुमच्या गोठ्यात बसून समजलेलं आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती पुढे सांगते.

पैसा जातो कुठे?

दुधाच्या धंद्यात शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले साठ-सत्तर रुपये नुसते खाण्यावर जातात. दुधाचा भाव आपल्या हातात नाही. पेंडीचा भावही नाही. हातात आहे ती फक्त गव्हाण.

आपल्या राहाता तालुक्यात गव्हाणीत काय असतं बघा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाचे वाढे. हंगाम संपला की मका, नाहीतर नेपियर गवत. त्याच्या जोडीला कडबा किंवा भुसा. या सगळ्यानं पोट भरतं, पण प्रथिनं फार कमी मिळतात. वाळवून मोजलं तर कडब्यात प्रथिनं शेकडा ३ ते ४, वाढ्यात ५ ते ६, मका आणि नेपियरमध्ये ८ ते १० असतात. दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या संकरित गायीला एवढ्यानं भागत नाही. मग कमी पडलेली प्रथिनं आपण पोत्यातून विकत आणतो. त्यालाच आपण पेंड म्हणतो.

वाढ्याचं अजून एक आहे. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. ते अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकतं. चार महिने नुसत्या वाढ्यावर काढलेली गाय अशक्त होते, दूध उतरतं, फॅट लागत नाही, आणि वेळेवर गाभण राहत नाही. आपण म्हणतो गाय उलटली. डॉक्टर म्हणतात, आधी गव्हाण दाखवा.

तीन पानांचं गवत

ही कमी भरून काढणारा चारा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण त्याला नुसतं 'घास' म्हणतो. लसूणघास, मेथीघास, नाव काहीही असो. एका देठावर तीन पानं, निळी-जांभळी फुलं. वाळवून मोजलं तर यात प्रथिनं शेकडा १८ ते २० असतात, म्हणजे मक्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय कॅल्शियम भरपूर, म्हणजे वाढ्यानं जे काढून घेतलं ते हा घास परत देतो.

घासाचं एवढं कौतुक का? कारण हा डाळवर्गातला चारा आहे. हरभरा, मूग, तूर यांच्याच घराण्यातला. एखादं झाड मुळासकट अलगद उपटून बघा. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र घेऊन झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. आपल्या भिशीसारखा व्यवहार आहे, दोघांचंही भागतं. म्हणून घासाला युरिया जवळजवळ लागत नाही, आणि घास मोडल्यावर त्या रानात घेतलेला गहू किंवा ऊस जोरात येतो. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ कामाची. पांढरी किंवा हिरवट असेल तर जिवाणू काम करत नाहीत.

याच घराण्यात एक मोठी जात आहे, तिला इंग्रजीत क्लोव्हर म्हणतात. न्यूझीलंड, आयर्लंड, इंग्लंडकडे गायी कुरणात चरतात. तिथले शेतकरी गवतात पांढरा किंवा लाल क्लोव्हर मिसळून पेरतात. गवत पोट भरतं, क्लोव्हर प्रथिनं देतो, आणि रानाला खत कमी लागतं. तो क्लोव्हर आपल्या उन्हात टिकणार नाही. पण त्याचा एक भाऊ आपल्याकडे येतो, त्याचं नाव बरसीम. हा मूळचा इजिप्तचा. १९०४ साली तो सिंध प्रांतात आणला गेला, आणि तिथून पंजाब, हरियाणाकडे पसरला. आज उत्तरेत हिवाळ्यातल्या दुधाचा तो मोठा आधार आहे. आपल्याकडेही थंडीत तो चांगला येतो.

लसूणघास घ्यायचा की बरसीम?

हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. सरळ सांगते.

बरसीम फक्त थंडीचा सोबती आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरायचा, ४५ ते ५० दिवसांत पहिली कापणी, मग दर २५-३० दिवसांनी. मार्च आला, ऊन तापलं की तो संपतो. आपल्याकडे तीन-चार कापण्या, फार तर पाच मिळतात. पाणी भरपूर लागतं. तो कोवळा आणि पाणीदार असतो. सुरुवातीच्या कापणीत १० किलो बरसीम आणला तर त्यातलं साडेआठ किलो नुसतं पाणी. म्हणून त्याच्या जोडीला कडबा किंवा भुसा हवाच.

लसूणघास एकदा पेरला की चांगली निगा असेल तर तीन वर्षं चालतो. आपल्या शेजारच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेला आरएल-८८ हा वाण अशाच बहुवार्षिक घासासाठी आहे. मुळं खोल जातात, म्हणून बरसीमपेक्षा कमी पाण्यात तग धरतो. पण पाणी साचणारं रान त्याला अजिबात चालत नाही. चिबड रानात पावसाळ्यात मुळं कुजतात आणि घास विरळ होतो.

आता पाण्याचं बोलू. घासाला हिवाळ्यात १०-१२ दिवसांनी आणि उन्हाळ्यात ७-८ दिवसांनी पाणी लागतं. ज्यांची भिस्त फक्त कालव्याच्या आवर्तनावर आहे, त्यांना आवर्तनाची वाट बघत घास जगवता येणार नाही. विहीर, बोअर किंवा शेततळं असेल तरच बहुवार्षिक घास लावा. थंडीपुरतंच पाणी असेल तर बरसीम, किंवा एका हंगामापुरता घास लावा. माझं ऐकून लावला आणि एप्रिलमध्ये वाळला, असं व्हायला नको.

१० गुंठ्यांचं गणित

आपल्या गटातल्या बहुतेक तायांकडे दोन गायी आहेत. म्हणून दोन गायींचंच गणित मांडते.

एका गायीला रोज १० किलो हिरवा घास पुरे. दोघींना २० किलो. वर्षाचे झाले ७,३०० किलो. चांगल्या रानात एक गुंठा घास वर्षाला ८०० ते १,००० किलो चारा देतो. पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात वाढ मंदावते, ते धरून १० गुंठे ठेवा.

या १० गुंठ्यांचे ३० वाफे पाडा. रोज एकच वाफा कापायचा. तिसाव्या दिवशी शेवटचा वाफा कापून झाला की पहिला परत कापायला आलेला असतो. एका वाफ्यातून २० ते २५ किलो घास मिळतो, म्हणजे दोन गायींचा एक दिवस. भारा किती आणायचा हा विचारच संपला.

आता पेंडीशी तुलना. पाच किलो हिरव्या घासात साधारण एक किलो सुका भाग असतो आणि त्यात २०० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. एक किलो चांगल्या गोळी पेंडीतही प्रथिनं जवळपास तेवढीच असतात. म्हणजे प्रथिनांपुरतं बोलायचं तर पाच किलो घास आणि एक किलो पेंड सारखे.

म्हणून १० किलो घासावर दोन किलो पेंड बंद करायची का? नाही. पेंडीत ताकद, म्हणजे ऊर्जा, जास्त असते. दुधाळ गायीची पेंड एकदम तोडली तर दूधही तुटतं. सुरुवातीला एका गायीमागं एक किलो कमी करा, तेही पंधरा दिवसांत हळूहळू. समजा ५० किलोचं पोतं १,६०० रुपयांना पडतं. किलोला ३२ रुपये झाले. दोन गायींचे रोज ६४, महिन्याचे १,९२० रुपये. तुमच्या दुकानातला भाव घालून हेच गणित वहीत मांडा. बियाणं, खत, पाणी आणि तुमची कापणीची मेहनत यांचा खर्च त्यातून वजा करा. तरीही बऱ्याच जणींना गटाच्या हप्त्याएवढी रक्कम उरलेली दिसेल.

पेरणी कशी करायची?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर ही वेळ चांगली. रान भुसभुशीत आणि सपाट हवं. १० गुंठ्यांना एक-दीड टन कुजलेलं शेणखत घाला. घासाला नत्र कमी आणि स्फुरद जास्त लागतं. विद्यापीठाची शिफारस १० गुंठ्यांच्या हिशेबात बसवली तर सुपर फॉस्फेटचं ५० किलोचं एक पोतं, सुमारे साडेसहा किलो पोटॅश आणि चार किलो युरिया, बस्स. माती तपासली असेल तर त्या कागदाप्रमाणे करा.

बियाणं १० गुंठ्यांना अडीच किलो. ओळीत पेरा, दोन ओळींत एक वीत अंतर ठेवा. फेकून पेरलेल्या घासात खुरपणी करताना कंबर मोडते, आणि ती कंबर आपलीच असते. बी अगदी बारीक असतं, दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवत नाही.

पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम लावा. थोडं गुळाचं पाणी करून त्यात जिवाणूंची पावडर कालवा, बियाण्याला हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात. घासाचं रायझोबियम वेगळं आणि बरसीमचं वेगळं. दुकानदारानं "सगळं एकच असतं" म्हटलं तरी पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या.

घासाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे अमरवेल. पिवळ्या दोऱ्यांसारखी ही वेल घासावर चढते आणि त्याचा रस पिऊन जगते. ती बहुतेक वेळा बियाण्यातूनच येते. म्हणून स्वस्तातलं सुटं बियाणं घेऊ नका. प्रमाणित, पिशवीबंद बियाणं घ्या. वाफ्यात पिवळा दोरा दिसला की तेवढा घास जमिनीलगत कापून वेलीसकट बाहेर काढा आणि जाळून टाका. उकिरड्यात टाकलात तर बी खतातून परत रानात येतं.

बरसीमच्या बियाण्यात कासनीचं बी मिसळलेलं असतं. बादलीभर पाण्यात मीठ विरघळवून त्यात बियाणं टाका. कासनीचं हलकं बी वर तरंगतं, ते काढून टाका. खाली बसलेलं बी दोन-तीन वेळा साध्या पाण्यानं धुऊन घ्या.

पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी. घाई करू नका, मुळं पक्की होऊ द्या. पुढे दर २५ ते ३० दिवसांनी, दहा झाडांत एखाद्या झाडाला फूल दिसू लागलं की कापा. जमिनीपासून तीन-चार बोटं वर कापा. अगदी मातीला टेकवून विळा चालवला तर फुटवा कमी येतो.

माझी चूक

आता ती गोष्ट. मी या कामावर नवीन होते. चारा प्रशिक्षण नुकतंच झालं होतं आणि मी गावोगाव उत्साहानं सांगत सुटले होते, "घास घाला, पेंड कमी करा." एका ताईनं माझं मनावर घेतलं. घास छान आला. जानेवारीतली पहाट, घासावर दव. तिनं भारा कापला आणि रात्रभर रिकाम्या पोटी असलेल्या गायीपुढं तसाच टाकला. गायीनं अधाशासारखा खाल्ला.

सात वाजता मला फोन आला. "मॅडम, गाय फुगली. डावी बाजू ढोलासारखी झाली. उठती-बसती, जीभ बाहेर काढती." मला काय करायचं माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी गाडी काढून पोचेपर्यंत शेजारच्या आजींनी गायीला गोडेतेल पाजलं होतं, पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी केली होती, आणि कोणीतरी डॉक्टरांना फोन केला होता. डॉक्टर आले, गाय वाचली. पण पुढचे चार-पाच दिवस दूध निम्म्यावर होतं. त्या गायीचं कर्ज गटाच्या वहीत होतं, आणि ते घ्या म्हणून सांगणारी मीच होते.

डॉक्टर जाताना एवढंच म्हणाले, "घास चांगलाच आहे. घालायची पद्धत सांगितली नाही तुम्ही." ते वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय.

ही पोटफुगी का होते? कोवळ्या, ओल्या घासातली प्रथिनं पोटात लवकर विरघळतात आणि फेस तयार होतो. पोटातला वायू त्या फेसात अडकतो, ढेकर येत नाही. पोट फुगून छातीवर दाब येतो आणि गाय गुदमरते. दोन-तीन तासांतसुद्धा जनावर जाऊ शकतं. घास आणि बरसीम दोन्हींनी हे होऊ शकतं. हिरवा, कोवळा, ओला आणि जनावर उपाशी, हे चार एकत्र आले की धोका.

टाळायचं कसं, ते गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा:

१. सकाळी आधी कडबा, भुसा किंवा सुकी कुट्टी. घास नंतर.
२. दव किंवा पाऊस असलेला घास लगेच घालू नका. आदल्या संध्याकाळी कापून पातळ पसरून ठेवा, किंवा ऊन पडल्यावर कापा.
३. घास एकटा घालू नका. मका, नेपियर किंवा कडब्याच्या कुट्टीत मिसळा. हिरव्या चाऱ्यात घास तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.
४. सवय नसलेल्या गायीला पहिल्या दिवशी दोन किलोच द्या. आठ-दहा दिवसांत वाढवा.
५. व्यायला आलेल्या गायीला शेवटचे तीन आठवडे घास कमी करा. त्या काळात कॅल्शियम जास्त मिळालं तर व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम वापरायची सवय गायीला राहत नाही, आणि दुधाचा ताप येऊन गाय खाली बसते. व्याल्यावर घास परत हळूहळू सुरू करा.

गाय फुगलीच तर खाणं लगेच बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, तो मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा. गायीला पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा. डॉक्टर येईपर्यंत पाव ते अर्धा लिटर खाद्यतेल सावकाश पाजा. डोकं जास्त वर उचलू नका आणि जीभ ओढून धरू नका, तेल फुफ्फुसात जातं. गाय आडवी पडली असेल किंवा गिळत नसेल तर काहीही पाजू नका, डॉक्टरांची वाट बघा. शेजारी कोणी "सुई टोचा" म्हणालं तर ऐकू नका.

मुरघासात घास घालावा का?

आता मुरघास. गावोगाव बॅगा दिसायला लागल्या, ही चांगली गोष्ट आहे. मका दाणा चिकात असताना कापायचा, दीड-दोन सेंटिमीटर कुट्टी करायची, दाबून हवा काढायची आणि बॅग बांधायची. ४५ दिवसांत मुरघास तयार. आत काय होतं? मक्यातली साखर खाऊन जिवाणू आंबटपणा तयार करतात. दह्याला जसं विरजण, तसंच. हा आंबटपणाच चारा टिकवतो.

मग घास जास्त झाला की त्याचाही मुरघास का करू नये? एका गटानं पावसाळ्यात असंच केलं. नुसता घास, तोही ओला, बॅगेत भरला. बॅग उघडली तर नाकाला पदर लावायची वेळ आली. काळपट, चिकट, सडका वास. गायींनी तोंड फिरवलं.

कारण साधं आहे. घासात साखर कमी असते, आणि त्यातली प्रथिनं आणि चुना आंबटपणा मारून टाकतात. पाणीही जास्त. मग दह्याऐवजी नासलेलं दूध होतं. म्हणून घास मुरघासात घालायचाच असेल तर:

- कापल्यावर चार-सहा तास उन्हात पसरून सुकवा. मूठभर कुट्टी घट्ट दाबा. पाणी ठिबकलं तर अजून ओली. गोळा तसाच राहिला तरी ओली. गोळा सावकाश सुटला की बरोबर.
- एकटा घास नको. तीन पाट्या मक्याला एक पाटी घास, थर लावून भरा. मक्याची साखर दोघांना पुरते.
- एका दिवसात भरून बंद करा. अर्धी बॅग उद्यावर ठेवू नका.
- थोडा गूळ घातला तर मदत होते. पण ओला घास, सैल भरणी आणि वर गूळ, याला काही अर्थ नाही.

चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो आणि ताकासारखा आंबूस वास येतो. बुरशी दिसली तर तो भाग फेका. गाभण गायीला तर बुरशीचा कणही नको.

दोन गायींना रोज १५ किलोप्रमाणे ३० किलो मुरघास लागतो. मार्च ते जूनमधले टंचाईचे १०० दिवस धरले तर ३,००० किलो. ५० किलोच्या ६० बॅगा झाल्या. एक टनाची मोठी बॅग दोन गायींना महिनाभर पुरते, पण तेवढे दिवस उघडी राहिली की खराब होते. म्हणून कमी जनावरं असणाऱ्यांनी छोट्या बॅगाच घ्या. कुट्टी मशीन एकटीला परवडत नसेल तर गटानं मिळून घ्या आणि भाडं ठरवा.

आणि ज्या घासाचा मुरघास होत नाही, तो सावलीत वाळवून ठेवा. पानं गळू देऊ नका, खरी प्रथिनं पानातच असतात.

ज्यांना जमीन नाही

बैठकीत मागं बसलेल्या एका ताईनं विचारलं, "आम्ही काय करायचं? आमच्याकडं दोन शेळ्या अन् घरामागं दोन हात जागा."

तायांनो, बांध आहे, कुंपण आहे, ओढ्याचा काठ आहे. शेवरी, हादगा, सुबाभूळ ही झाडंसुद्धा डाळवर्गातलीच. त्यांचा पाला म्हणजे झाडावरचा घासच. कुंपणाला शेवरीच्या ओळी लावल्या तर दोन-तीन शेळ्यांच्या खाण्याला चांगला हातभार लागतो. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच, त्यात मायमोसिन असतं, जास्त झालं तर केस गळतात. दशरथ घास बांधावर येतो आणि वरचेवर कापता येतो. हलक्या, पावसावरच्या जमिनीत स्टायलो नावाचं डाळवर्गीय गवत चांगलं येतं.

गायरानाचंही बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं डोंगरावर मोकाट चराई बंद केली आणि गवत कापून नेण्याची पद्धत ठेवली. चराई थांबली, गवत वाढलं आणि गावाचं दूधही वाढलं. आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

१० गुंठे कोण देणार?

खरी अडचण शेवटी लिहितेय. घास कसा लावायचा हे दोन तासांत शिकवता येतं. पण रान कोणाच्या नावावर आहे? उसाच्या रानातले १० गुंठे घासाला द्यायचे म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "तेवढ्यात ऊस किती झाला असता?" ऊस कारखान्याला जातो, त्याचा आकडा एकदम दिसतो. घास रोज गव्हाणीत जातो, त्याचा आकडा कोणी लिहीत नाही. आणि घास कापणं, आणणं, कुट्टी करणं, हे सगळं करणारी बाई, तिचा तर कुठंच आकडा नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, आकडा लिहा. वादात आपला आवाज कमी पडतो, पण वही बोलते. जिची गाय फुगली होती ना, त्याच ताईनं पुढच्या वर्षी वहीत तीन रकाने आखले: पेंड किती, घास किती, दूध किती. तीन महिन्यांनी तिनं ती वही नवऱ्यापुढं ठेवली. मालक काही बोलले नाहीत. पण पुढच्या दिवाळीनंतर उसाच्या कडेचे अजून पाच गुंठे त्यांनी स्वतःच नांगरून दिले. मी विचारलं, "काय म्हणाले?" ती हसली, "काय म्हणणार? वहीला काय म्हणायचं असतं का?"

पुढच्या बैठकीआधी

- आपल्या गायींना रोज काय आणि किती घालतो, ते सात दिवस मोजून लिहा. अंदाज नको, वजनकाट्यावर मोजा.
- दुधाच्या पावतीवरचं फॅट आणि एसएनएफ लिहा. ३.५ आणि ८.५ च्या खाली असेल तर गोल करा.
- पाणी किती महिने पुरतं ते घरात विचारून या.
- लसूणघासाचं बियाणं किती जणींना लागेल त्याची यादी करा. एकत्र मागणी केली तर बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राकडं किंवा राहुरी विद्यापीठाकडं चौकशी करणं सोपं जाईल.
- आणि १९६२ हा नंबर. मी बैठकीत प्रत्येकीचा मोबाईल बघणार आहे.

घासाचं पहिलं वर्ष घाईचं नसावं. दोन गुंठ्यांनी सुरुवात करा, जमलं तर वाढवा. माझ्यासारखी अर्धी माहिती घेऊन पळू नका. शंका असेल तर पशुसखीला विचारा, मला विचारा. मला येत नसेल तर आता मी सरळ सांगते की येत नाही, आणि डॉक्टरांना विचारून सांगते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, राहाता